परकीय ‘मदत’ : अनुदान की कर्ज?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलं आहे : “आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिताना ‘जपानच्या मदतीने उभी राहणारी बुलेट ट्रेन’ असं लिहिलं. धाकटा भाऊ म्हणाला, मदत आहे तर परत का फेडायची? गुजराती पेपरात ‘सहाय’ असतं, हिंदीत ‘सहायता’, आपल्याकडे मदत, अर्थसाहाय्य, अनुदान सगळंच. यातला नेमका शब्द कोणता? आणि डोनर कंट्रीला दाता देश म्हणायचं की देणगीदार देश?”

भावाने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

‘मदत’ हा शब्द अरबी ‘मदद’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला त्यातून झाला. जुन्या कागदपत्रांत तो ‘कुमक’ या शब्दाच्या शेजारी भेटतो, म्हणजे अडचणीत असलेल्याकडे धाडलेली फौज. आजही मदत ही मुळात क्रिया आहे. शेजाऱ्याने पोतं उचलायला हात लावला तरी मदत, दवाखान्यात रात्रभर बसला तरी मदत, वेळेला दहा हजार दिले तरी मदतच. ते दहा हजार परत करायचे की नाही, हे हा शब्द सांगत नाही. त्यामुळे सवलतीच्या कर्जाला मदत म्हणणं भाषेच्या दृष्टीने चूक नाही, फक्त वाचकाला जे कळायला हवं ते त्यातून कळत नाही.

ही अडचण आपल्या ‘देणे’ या क्रियापदापासूनच सुरू होते. संस्कृत व्याकरणात याची एक फार सुंदर जोडी शिकवतात. ‘विप्राय गां ददाति’, ब्राह्मणाला गाय देतो, इथे चतुर्थी. पण ‘रजकस्य वस्त्रं ददाति’, धोब्याला कपडे देतो, इथे षष्ठी. कारण दान म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सोडून तो दुसऱ्याचा करणं. गाय दिली की ती गेली. कपडे मात्र धुऊन घरी यायचे असतात, त्यांच्यावरची मालकी सुटलेली नसते, म्हणून धोबी खरा संप्रदान, म्हणजे दान घेणारा, ठरत नाही. मराठीत आपण दोन्हीकडे ‘ला’ लावतो आणि ‘दिले’ म्हणतो. ‘जपानने भारताला पैसे दिले’ या वाक्यात गाय आहे की कपडे, हे शोधायला वाक्याबाहेर जावं लागतं.

तर बाहेर जाऊन पाहू. आपल्या स्टेशनाजवळ ज्या मार्गाचं काम चाललंय तो मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटरचा. मंजुरीच्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता आणि त्यातला सुमारे ८१ टक्के भाग जपान कर्जाऊ देणार असं ठरलं. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. म्हणजे हे कर्ज आहे यात शंका नाही, पण बाजारात कुठेही मिळणार नाही असं कर्ज.

मग त्याला जगभर मदत का म्हणतात? त्याचं उत्तर श्रीमंत देशांनी स्वतःच ठरवलेल्या व्याख्येत आहे. त्यांच्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची विकास साहाय्य समिती आहे. तिने १९६९ साली ‘अधिकृत विकास साहाय्य’ ही संज्ञा पक्की केली. पैसा सरकारी असावा, हेतू विकासाचा असावा आणि अटी सवलतीच्या असाव्यात. सवलत मोजायला पुढे ‘अनुदानांश’ ही कल्पना आली. भविष्यात परत येणाऱ्या रकमेचं आजचं मोल काढायचं आणि ते दिलेल्या रकमेतून वजा करायचं. उरेल तेवढा भाग जणू फुकट दिला असं धरायचं. जुन्या नियमाप्रमाणे आजचं मोल काढायला वर्षाला १० टक्के दर धरून हा अंश २५ टक्क्यांच्या वर गेला की संपूर्ण कर्ज ‘साहाय्य’ म्हणून खात्यावर लिहिता येत असे. २०१८ च्या आकड्यांपासून नियम बदलला. आता कर्जातला अनुदानांशच तेवढा मोजतात, आणि हिशोबाचा दरही घेणाऱ्या देशाच्या ऐपतीप्रमाणे वेगळा असतो. भारतासारख्या निम्न मध्यम उत्पन्नाच्या देशासाठी तो ७ टक्के आहे.

त्या ७ टक्क्यांनी मी बुलेट ट्रेनच्या अटींचा ढोबळ हिशोब मांडला. अनुदानांश ८५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जात कागदावर पंच्याऐंशी रुपयांची ‘मदत’. हिशोब म्हणून तो ठीक आहे. पण फेड येनमध्ये करायची आहे, आणि पन्नास वर्षांत रुपया आणि येन यांचं नातं काय राहील हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. शंभरच्या शंभर रुपये परत जाणार आहेत, हेही ‘मदत’ या शब्दात येत नाही. म्हणून ताईंना माझी सूचना अशी : ‘जपानच्या सवलतीच्या कर्जातून उभी राहणारी बुलेट ट्रेन’ असं लिहा. चार अक्षरं जास्त लागतात, पण भावाला प्रश्न पडणार नाही.

आता खऱ्या अनुदानाचं उदाहरण आपल्या उंबरठ्यावरच आहे, आणंदला. १९७० साली दूधमहापूर योजना (ऑपरेशन फ्लड) सुरू झाली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपातली जादा दूधभुकटी आणि बटर ऑइल भारताला मिळालं. ते परत करायचं नव्हतं. एरवी अशी फुकटची भुकटी बाजारात ओतली की स्थानिक गवळ्याचा भाव पडतो. कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती फुकट वाटली नाही. मोठ्या शहरांतल्या डेऱ्यांमध्ये तिचं दूध करून ते विकलं आणि आलेला पैसा सहकारी संघ, शीतकरण, वाहतूक यांत घातला. इथे ‘अनुदान’ हा शब्द अगदी चपखल बसतो, जरी ते पैशांत न येता वस्तुरूपात आलं.

याच्या उलट गोष्ट ‘पी. एल. ४८०’ च्या गव्हाची. घरातली वडीलधारी माणसं अजूनही ‘अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेला गहू’ म्हणतात. १९५४ च्या त्या अमेरिकी कायद्याखाली १९५६ पासून आलेला बराचसा गहू विकत घेतलेला होता, फक्त पैसे डॉलरऐवजी रुपयांत द्यायची सोय होती. ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच साठत गेले. इतके साठले की त्यांचं करायचं काय हाच प्रश्न झाला आणि १९७४ साली अमेरिकेचे भारतातले राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. म्हणजे आधी सवलतीची विक्री, नंतर त्या रकमेच्या मोठ्या भागाचं अनुदान. ‘मदत’ म्हणून सगळं एका पोत्यात भरलं की हा सारा इतिहास दिसेनासा होतो.

कर्जातही पोटभेद आहेत. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला काही भाग बँकेचं नेहमीचं, व्याजाचं ‘लोन’ होता आणि काही भाग तिच्याच आंतरराष्ट्रीय विकास संघाचं ‘क्रेडिट’. क्रेडिटवर व्याज नसायचं, पाऊण टक्का सेवाशुल्क तेवढं लागायचं. विस्थापितांच्या पुनर्वसनावरून वाद पेटला, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ साली आला, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेली रक्कम घेणार नाही असं कळवलं. त्या काळच्या मराठी लिखाणात लोन आणि क्रेडिट दोन्हींना कर्ज किंवा मदत म्हटलेलं दिसतं. मला पहिल्यांदा ‘उसने’ हा शब्द सुचला, कारण उसन्यावर व्याज नसतं. पण उसन्याला कागद नसतो आणि मुदत महिन्या-दोन महिन्यांची असते. तीसचाळीस वर्षांच्या करारासाठी ‘बिनव्याजी कर्ज’ हेच बरं.

‘टाइड एड’ म्हणजे देणाऱ्या देशाकडूनच माल घ्यायच्या अटीवर दिलेला पैसा. त्याला काही जण ‘बांधील मदत’ म्हणतात. तो शब्द टाळावा असं माझं मत आहे. ‘आम्ही जनतेशी बांधील आहोत’ म्हणताना बांधील म्हणजे वचनबद्ध, त्यामुळे बांधील मदत म्हणजे हमखास मिळणारी मदत असा उलटाच अर्थ मनात येतो. ‘सशर्त’ ही चालत नाही, कारण धोरणं बदलण्याच्या अटी वेगळ्या आणि आमच्याच कंपन्यांकडून माल घ्या ही अट वेगळी. या दुसऱ्या अटीमुळे घेणाऱ्याचा खर्च १५ ते ३० टक्क्यांनी वाढतो असा अंदाज अर्थतज्ज्ञ नेहमी देतात. सरळ ‘त्यांच्याकडूनच खरेदीच्या अटीवर दिलेला निधी’ लिहावं.

हे सगळं शब्दांचं कीस काढणं वाटेल, पण त्यात माणसांचं बरंवाईट गुंतलंय. आपल्या भाषेत मदत घेणाऱ्यावर उपकार चढतात. कर्जाला मदत म्हटलं की घेणारा देश दोनदा ऋणी होतो, एकदा पैशांचा आणि एकदा उपकारांचा. आणि उलट बाजूने, २०२५ साली अमेरिकेने आपली आंतरराष्ट्रीय विकास संस्था (यूएसएड) गुंडाळली तेव्हा जे थांबलं ते मुख्यतः अनुदान होतं : एचआयव्हीची औषधं, लसी, कुपोषित मुलांचा आहार. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यातला औषधसाठा संपणं आणि एखाद्या पुलाच्या कर्जाचा हप्ता लांबणं या दोन बातम्यांना ‘परकीय मदतीत कपात’ हा एकच मथळा देणं मला बरोबर वाटत नाही. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के साहाय्य देण्याचा कायदा २०१५ साली केला आणि २०२१ मध्ये ते प्रमाण ०.५ वर आणलं. ही कपात अनुदानात किती, कर्जात किती, हे बातमीने सांगायलाच हवं. ब्रिटनने कायदा केला असला तरी एरवी या ०.७ ला ‘बंधन’ ही म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९७० च्या ठरावातलं ते लक्ष्य आहे. अमेरिकेने ते कधी स्वीकारलंच नाही.

आता दाता की देणगीदार. देणगी म्हटली की पावतीपुस्तक, मंडळ, मंदिर, शाळा डोळ्यांपुढे येतात. ती खासगी माणसाने राजीखुशीने दिलेली. सरकारांना ती जुळत नाही. ‘दाता’ फार वरचा शब्द आहे. शंभरांत एक शूर, हजारांत एक पंडित, ‘दाता भवति वा न वा’ असं सुभाषितकार म्हणतो. व्याजाने पैसे देणाऱ्याला तो देऊ नये. ‘साहाय्यकर्ते देश’ किंवा साधं ‘निधी देणारे देश’ पुरे. भारत स्वतः १९६४ पासून इतर देशांच्या लोकांना तांत्रिक प्रशिक्षण देतो, शेजाऱ्यांना अनुदानं आणि कर्जं देतो, आणि २००३ साली त्याने बऱ्याच छोट्या देशांकडून मदत घेणं थांबवलं. आपलं परराष्ट्र खातं दात्याऐवजी ‘विकास भागीदारी’ म्हणतं. सरकारी कागदाला ते शोभतं. लेखात मात्र त्या भागीदारीत अनुदान किती आणि कर्ज किती ते लिहावं.

राहता राहिला ‘सहाय’. संस्कृतात सहाय म्हणजे सोबती, मदत करणारा. त्याची कृती ते साहाय्य. म्हणून मराठीत ‘अर्थसाहाय्य’ लिहायचं, दोन्हीकडे काना आणि शेवटी जोडाक्षर. ‘सहाय्य’ सर्रास दिसतं, पण प्रमाण रूप साहाय्य. गुजरातीत सहाय हाच मदतीचा शब्द म्हणून रुळलाय आणि तिथे तो बरोबरच आहे. बडोद्यात आपण घरात ‘सरकारी सहाय मिळाली’ म्हणतो, मलाही ते कानाला गोड लागतं. अंकात छापताना तेवढं साहाय्य करा, आणि ‘मिळाली’ चं ‘मिळालं’.