धंद्यात धाडसी आणि तितकाच कुटुंबवत्सल, असा मराठी उद्योजक कोण आठवतो?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की धंद्यात उडी घेणारी माणसं घराला वाऱ्यावर सोडतात, असंच आजवर ऐकत आलोय. मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. माझं आजोळ सांगलीकडच्या पलूस तालुक्यातलं, त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी तिथलीच, तेव्हा थोडा पक्षपात होणारच, तो धरून चाला.

लोक किर्लोस्कर म्हटलं की शंतनुरावांपासून सुरुवात करतात. खरा जुगार खेळले ते त्यांचे वडील. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पोराला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांना ते पसंत नव्हतं, थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले, खर्च उचलला आणि लक्ष्मण मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथं कळलं की डोळ्यांना सगळे रंग ओळखूच येत नाहीत! रंगांधळा चित्रकार काय करणार? मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) मास्तर झाले.

जोडधंदा सायकलींचा. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला धाडायच्या, रामूअण्णांनी तिथं त्या विकायच्या आणि चालवायलाही शिकवायच्या. शिकवणीचे पंधरा रुपये! त्या काळात ही रक्कम काही लहान नव्हे. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा दिली, तेव्हा त्यांनी राजीनामा टेकवला आणि सरळ भावाकडे बेळगाव गाठलं. बांधलेला पगार सोडायची हिंमत होते ती मागे असा भाऊ असला की, असं माझं मत.

सायकलींवरून मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. नांगराची गोष्ट तुम्ही कुठंतरी ऐकली असेल. लोखंड लागलं की जमीन विषारी होते, असं शेतकरी छातीठोकपणे सांगायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. आज हसू येतं, पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देणार, मोडला तर तोच नीट करणार. ह्या लोखंडी धुडाला रोख पैसे मोजायचे, वर बैलही जास्त जुंपायचे. आजोळच्या परड्यात असला एक जुना नांगर पडलेला असायचा, आम्हा पोरांना तो जागचा हलायचा नाही. पण तो जमिनीत खोल जाऊन ढेकूळ उलथं टाकतो आणि हरळीची मुळं उन्हात उघडी पडतात, हे एकदा शेजारच्या रानात दिसलं की मग शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

जरा बस्तान बसतंय तोच शहराच्या वाढीसाठी जागा खाली करा असा बेळगाव नगरपालिकेचा हुकूम आला. त्या वेळी औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हात दिला. राजा स्वतः चित्रकार, हा चित्रकला हुकलेला. सूर जुळले नसते तरच नवल. आधी औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम दिलं, नंतर कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये. मार्च १९१० मध्ये मंडळी तिथं उतरली तेव्हा माळावर निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. बायकापोरं, कामगार, यंत्रं, सगळा संसार बरोबर. लक्ष्मणरावांच्या बायकोला, राधाबाईंना, त्या रात्री काय वाटलं असेल ते कुणी लिहून ठेवलंय का, मी नेहमी शोधतो. (आपल्याकडच्या उद्योजकांच्या चरित्रांत बायकोला जेमतेम दोन ओळी मिळतात.)

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पुतण्या शंकरराव चित्रकला शिकलेला. कुणी म्हणालं असतं, नांगराच्या कारखान्यात चित्रकार कशाला? त्याच्याकडे जाहिराती आल्या आणि त्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, पुढं त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मुलाला, शंतनूला, अमेरिकेत एमआयटीला धाडलं. १९२६ मध्ये तो पदवी घेऊन परतला. आता ह्याला कुणी वशिलेबाजी म्हणेल. पण शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर तिथंच कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभोराव जांभेकरांवर तर वसाहतीची पडेल ती सगळी कामं होती. खुनाची शिक्षा भोगून आलेल्यांना राखणीवर नेमलं होतं. किर्लोस्करवाडीत, म्हणजे माळावर उभ्या राहिलेल्या ह्या वसाहतीत, शिवाशिव पाळायची नाही, हाही दंडक. १९१० च्या आसपासच्या आमच्या भागात हे करणं नांगर विकण्याइतकंच अवघड होतं, आणि ह्यात नफा तर काहीच नव्हता.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! ही गोष्ट आमच्याकडे फार चवीनं सांगतात.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. तोवर पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळुरात विजेच्या मोटारी निघू लागल्या होत्या, दोन्हीकडे घरचीच मुलं. पुढच्या पिढ्यांत वाटण्या, वाद झाले, ते पेपरात आलंच आहे. पण तुम्ही विचारलेल्या माणसाच्या खात्यावर ते मांडू नये. पुणे-मिरज गाडीनं कधी आलात तर किर्लोस्करवाडीला उतरा. जुनं कुंडल रोड स्टेशन ते हेच.