काळ्या जमिनीत ट्रॅक्टरची चाकं ठरलेल्या वाटेनंच चालवणं लहान शेतकऱ्याला जमेल का?

भाऊ, सोयाबीन-तुरीचं तुमचं भारी वावर ट्रॅक्टरनं दबत चाललंय आणि कंट्रोल्ड ट्रॅफिकची, म्हणजे चाकं दरवर्षी त्याच ठरलेल्या वाटेनं चालवायची, पद्धत पाच-सात एकरवाल्याला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपते. त्याला ऑस्ट्रेलियातल्यासारखा जीपीएसवाला ट्रॅक्टर लागत नाही. आपलं बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी, पुरतं. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या काळ्या जमिनीत 1970च्या दशकात दीड मीटरचे असे वरंबे बैलांच्या अवजारांवरच बसवले होते.

आधी तुरीची चार-दोन झाडं मुळासकट खणून पाहा. सोटमूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलं असेल, तर जमिनीनं तवा धरलाय, म्हणजे खाली दबलेल्या मातीचा कडक थर झालाय. रोटाव्हेटर दरवर्षी त्याच खोलीवर फिरला की तो धरतोच. एप्रिल-मेमध्ये, जमीन खडखडीत वाळल्यावर, एकदा सबसॉइलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारं अवजार, चालवा. ओलीत चालवला तर माती तडकत नाही, नुसती चीर पडते.

त्यानंतर पीक वरंब्यावर, आणि पेरणी, डवरणी, फवारणी सगळी ट्रॅक्टरची चाकं सरीत ठेवून. सऱ्यांमधलं अंतर ट्रॅक्टरच्या चाकांशी जुळलंच पाहिजे. मागच्या चाकांचे रिम उलटे बसवून ते कमी-जास्त करता येतं. आणि हात जोडून सांगतो, हंगाम संपला की वरंबे मोडू नका. आपल्याकडे लोक बीबीएफनं पेरतात आणि उन्हाळ्यात रोटाव्हेटर घालून सगळं सपाट करतात. मग पुढच्या वर्षी चाक कालच्या मऊ जागेवर चढतं. जमीन सगळ्यात जास्त दबते ती चाकाच्या पहिल्या फेरीतच, त्यामुळे ‘एकदाच तर गेला’ म्हणण्यात अर्थ नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून स्वतःच मोकळी होत असते, फक्त तिच्यावर पुन्हा चाक जायला नको.

खरी अडचण भाड्याच्या हार्वेस्टरची. त्याची चाकं आपल्या सऱ्यांत बसत नाहीत, आणि टाकी भरली की वजन आणखी वाढतं. मी सोयाबीन सोंगून गंजी धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, लावतो, थ्रेशर तिथंच उभा करतो. मजुरी जास्त जाते, पण मला ती परवडते. हार्वेस्टरशिवाय इलाजच नसेल, तर निदान जमीन सुकू द्या आणि ट्रॉली धुऱ्यावरच थांबवा.

पावसाळ्यात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल उतरल्याशिवाय, ट्रॅक्टर आत घालू नका. वीतभर खालची माती हातात घेऊन वळा. सुतळीसारखी वळी झाली तर अजून थांबायचं. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधलं अंतर मोजून इथं लिहा, म्हणजे वरंब्यावर पिकाची किती तासं (ओळी) बसतील ते सांगता येईल.