ग्रामीण काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) नोकऱ्या वाढल्या की राहणीमान आपोआप सुधारतं का?

आपोआप नाही. घरं त्या वेगानं वाढली नाहीत तर उलटंच होतं.

अमेरिकेत वायोमिंगमधली टीटन काउंटी बघा. पर्यटन जोरात, राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे श्रीमंतांची रीघ. पण सुमारे ९७ टक्के जमीन सरकारी, म्हणजे मुख्यतः राष्ट्रीय उद्यानं आणि वनजमीन. उरलेल्या तुकड्यासाठी सुट्टीतले बंगले आणि कामगारांची घरं यांच्यात चढाओढ. कोण जिंकतं हे सांगायला नको. त्यामुळे हॉटेलात, शाळेत, दवाखान्यात काम करणारे अनेक जण डोंगरापलीकडे शेजारच्या आयडाहो राज्यात, व्हिक्टर-ड्रिग्स या गावांकडे राहतात आणि टीटन खिंड ओलांडून कामाला येतात. जून २०२४ मध्ये खिंडीतल्या रस्त्याचा भराव खचला, तेव्हा जवळपास तीन आठवडे त्यांना लांबचा वळसा पडला.

दरडोई उत्पन्नात मात्र ही काउंटी देशात अगदी वर! (मूठभर अतिश्रीमंत आले तरी सरासरी फुगते.) म्हणून मी तरी आधी हेच विचारेन: तिथल्या पगारात तिथं घर भाड्यानं मिळतं का?

प्रशासनानं काही घरं फक्त स्थानिक नोकरदारांसाठी राखून ठेवली आहेत, पण मागणीपुढे ती कमीच पडतात.