नावे गुप्त, हिशेब उघडा

प्रश्न : कौटुंबिक हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी निवारागृह चालवणाऱ्या एका संस्थेला मी काही वर्षे नियमित देणगी देत आहे. या पैशांतून कोणाकोणाला मदत झाली हे कळावे आणि निवारागृह एकदा पाहता यावे, अशी विनंती केली असता गोपनीयतेचे कारण सांगून दोन्हींना नकार मिळाला. वार्षिक अहवालात निम्म्याहून अधिक खर्च पगारांवर दाखवला आहे. यात काही काळेबेरे असेल का?

उत्तर : नावे आणि पत्ता न देण्यात संस्थेचे काहीच चुकलेले नाही. घर सोडल्यानंतरचा काळ अशा स्त्रीसाठी बहुधा सर्वांत धोक्याचा असतो आणि तिचा माग काढणारा माणूस देणगीदार म्हणूनही दारात उभा राहू शकतो. त्यामुळे आपल्या हेतूबद्दल शंका नसली तरी नियम सर्वांना सारखाच लावावा लागतो. अमेरिकेत महिलांवरील हिंसाचारासंबंधीच्या १९९४च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या संस्थांना, त्या स्त्रीच्या लेखी व मुदतबद्ध संमतीशिवाय तिची ओळख पटेल अशी माहिती देण्यास आज मनाई आहे. मात्र ओळख उघड न करणारी एकत्रित आकडेवारी देण्यास तिथे मोकळीक आहे, आणि आपणही नेमके तेच मागावे. वर्षभरात किती स्त्रिया व मुले राहून गेली, सरासरी किती दिवस राहिली, जागा नाही म्हणून किती जणींना अन्यत्र पाठवावे लागले (हा शेवटचा आकडा स्वतःहून छापणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते), यांपैकी कशानेही कोणाचा ठावठिकाणा उघड होत नाही. लेखापरीक्षकाचा अहवाल, ताळेबंद, विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमा, निवारागृहाची जागा एखाद्या विश्वस्ताच्याच मालकीची असल्यास तिचे भाडे कोणी ठरवले, हेही विचारावे. या प्रश्नांनाही ‘गोपनीय’ असे उत्तर मिळाले, तर मात्र आपला संशय रास्त ठरेल.

पगारांच्या आकड्याने दचकण्याचे कारण नाही. निवारागृह अहोरात्र उघडे ठेवायचे तर रात्रपाळीला माणूस लागतो, मदतीचा फोन उचलायला कोणीतरी लागते, समुपदेशक लागते, न्यायालयात सोबत जाणारी कार्यकर्ती लागते. अशा कामात पगार हाच सेवेचा खर्च असतो. भारतात परकीय देणग्यांबाबतच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, पण या कायद्याखालील नियमांतही रुग्णालयातील डॉक्टरांचे किंवा शाळेतील शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरलेले नाहीत. अमेरिकेत संस्थांची माहिती देणाऱ्या आणि त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी तर २०१३ साली देणगीदारांना खुले पत्र लिहून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्था जोखू नका, असे बजावले होते. तेव्हा पगारांची बेरीज पाहून न थांबता त्यांची पदनिहाय फोड मागावी. पैसा रात्रपाळीवर जातो की संचालकांच्या मानधनावर, हे त्यातून कळेल.

प्रश्न : अशाच एका संस्थेवर मी अलीकडे विश्वस्त म्हणून आले. आमच्या कार्यकर्त्या स्त्रियांना तातडीच्या गरजांसाठी रोख रक्कम देतात आणि बहुतेक व्हाउचरांवर घेणाऱ्या व्यक्तीचे नाव नसते. हिशेबतपासनिसांनी यावर आक्षेप घेतला असून यापुढे सर्व रकमा बँकेतूनच द्याव्यात असे सुचवले आहे. कार्यकर्त्यांचा त्याला ठाम विरोध आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आक्षेप बरोबर आहे, सुचवलेला उपाय धोक्याचा आहे. अनेकींचे खाते नवऱ्याबरोबर संयुक्त असते, किंवा खात्याला जोडलेला मोबाइल त्याच्या हातात असतो. संस्थेच्या नावाने रक्कम जमा झाल्याचा संदेश त्याच क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून काही रोख व्यवहार राहणारच. ते बिननावी असले तरी बेहिशेबी असता कामा नयेत.

प्रत्येक प्रकरणाला क्रमांक द्यावा आणि व्हाउचरवर तोच क्रमांक, रक्कम, कारण, तारीख लिहून देणारी कार्यकर्ती आणि मंजुरी देणारी दुसरी व्यक्ती अशा दोन सह्या घ्याव्यात. क्रमांक आणि नाव यांची सांगड घालणारी नोंदवही हिशेबाच्या कपाटात न ठेवता वेगळी, कुलूपबंद ठेवावी, आणि तपासनिसांनी गोपनीयतेचे लेखी बंधन स्वीकारून आपल्या निवडीची काही प्रकरणे संस्थेच्या कार्यालयातच बसून पडताळावीत. त्या वहीची प्रत बाहेर जाऊ नये. प्रवासखर्चाच्या बाबतीत विशेष जपावे, कारण तिकिटावर गावाचे नाव असते आणि ते किर्दीच्या फायलीत लावले की ती स्त्री कुठे गेली हे फाइल चाळणाऱ्या कोणालाही कळते. निवारागृहाच्या वीजबिलाचेही तसेच. अशी मूळ कागदपत्रे त्या कुलपातच ठेवावीत आणि फायलीत फक्त त्यांचा संदर्भ क्रमांक असावा. रोखीची कमाल मर्यादा मंडळाने ठराव करून ठरवावी, आणि हाती असलेली शिल्लक कार्यकर्त्यांव्यतिरिक्त कोणीतरी अधूनमधून, पूर्वसूचना न देता मोजावी. कार्यकर्त्यांना हा अविश्वास वाटू शकेल. उद्या कोणी आरोप केलाच तर त्यांच्या बाजूने बोलणारा कागद हाच असेल, हे त्यांना आधीच समजावून सांगावे.

प्रश्न : बँकेत मोठ्या ठेवी असताना संस्थेने देणग्यांसाठी आवाहन करणे योग्य आहे का?

उत्तर : ठेवी कशासाठी आहेत त्यावर ते अवलंबून आहे. एखाद्या देणगीदाराने केवळ इमारतीसाठी दिलेला पैसा पगाराला वापरता येत नाही, त्यामुळे ताळेबंदात रक्कम दिसते आणि महिनाअखेरीस हात रिकामे असतात. याखेरीज काही महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी असणे आवश्यकच आहे. अनुदानाचा हप्ता लांबला म्हणून राहत्या स्त्रियांना निघून जा असे सांगता येत नाही. मात्र राखीव निधी किती असावा याचा मंडळाने ठराव केलेला असावा आणि तो अहवालात छापलेला असावा. ठराव नसताना ठेवी वर्षानुवर्षे वाढत असतील, तर देणगी पाठवण्याआधी लेखी खुलासा मागावा.