घटपर्णीचे घट वाळतायत, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. फेब्रुवारीत नर्सरीतून घटपर्णी (घटात किडे पकडणारं झाड) आणली, लेबलवर वेंट्राटा असं जातीचं नाव लिहिलं होतं, तेव्हा सात-आठ घट लटकत होते आणि आता एप्रिलमध्ये सगळे वाळले. पानं हिरवी आहेत पण नवीन घट एकही नाही. उपाशी असेल म्हणून मुलानं एका घटात खिमा टाकला तर तो काळा पडून वास सुटला. मी थोडं शेणखतही घातलंय. पाणी बोअरचं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलीय.

उत्तर: अहो, शेणखत आधी काढा! काढा म्हणजे वरवर खरवडून नाही, अख्खी कुंडीच बदला. हे झाड निकस जमिनीतलं, मुळांना खत सोसत नाही, म्हणून तर बिचारं किडे पकडतं. नव्या कुंडीत स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), परलाइट (पांढरे हलके खडे) आणि नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे, बास, बागेतली माती चिमूटभरही नको.

झाड उपाशी नाहीये. घट म्हणजे पानाचंच टोक, पानाच्या शेवटी दोरी लोंबते ना, तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढी कळी येते आणि ती फुगून घट होतो. हवा कोरडी असली की कळी तिथेच सुकते, आणि पुण्याचा एप्रिल म्हणजे दुपारी ओठ फुटतात अशी हवा, त्यात एसी लावत असाल तर संपलंच. टीव्हीशेजारून उचला, पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास मिळू दे, उजेड कमी पडला तरी घट धरत नाहीत. खाली ट्रेमध्ये खडे आणि पाणी, पण कुंडी खड्यांवर, पाण्यात बुडालेली नको.

बोअरचं पाणी बंद म्हणजे बंद, त्यातले क्षार साठत जातात. आरओचं चालेल पण टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पन्नासच्या आत आहे का बघा, आणि जूनपासून पावसाचं पाणी बादल्या भरून ठेवा, मी तर गच्चीत पिंपच लावते, शेजारी हसतात.

नवीन घट यायला दोन-तीन महिने धरा. वाळलेले घट कापा पण हिरव्या पानाला कात्री लावू नका. घट आले की मुलाला एखादी मुंगी टाकू द्या, खिमा नको. हौस असेल तर सप्टेंबरात त्याला साताऱ्याजवळच्या कास पठारावर न्या, तिथं दवबिंदू आणि सीतेची आसवं दिसतील, दोन्ही किडे खाणारी, फक्त उपटून आणू नका हं.