शेत लातूर जिल्ह्यात औशाला, तिकडे तीन आठवडे पाऊस नाही. गावाहून आलेल्या फोटोत मका-सोयाबीन हिरवंगार दिसतं, तरी भाऊ म्हणतो पीक हातचं जातंय. असं कसं?

तुमच्या भावाचं बरोबर आहे. तुम्ही ऐरोलीत, शेत औशाला. इथे वर्षाला 2500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरकडे जेमतेम त्याच्या एक तृतीयांश. तुम्ही लिहिता तशी तिकडे तीन आठवडे उघडीप असेल, तर पानांच्या रंगावर जाऊ नका. पीक कोणत्या अवस्थेत आहे ते आधी विचारा.

मक्याचं जास्त नाजूक आहे. तुरा येऊन कणसाला केस फुटतात, तो आठवडा-दहा दिवस निर्णायक. प्रत्येक केस एकेका दाण्याचा. ताण बसला की केस उशिरा येतात, तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. झाड पुरुषभर उंच, हिरवं, आणि कणीस बोळकं. केस येऊन आठवडाभर झाला असेल तर भावाला एक कणीस सोलायला सांगा, केस न तोडता. मग ते उलटं धरून हलकेच झटकायचं. ज्या दाण्यांचं फलन झालं त्यांचे केस गळून पडतात, जे चिकटून राहतात तिथे दाणा नाही. फोटो मागायचा तर याचा मागा.

सोयाबीन थोडं सोसतं. ते टप्प्याटप्प्याने फुलतं, त्यामुळे पहिली फुलं गळली तरी पाऊस आल्यावर पुन्हा फुलं धरू शकतं. मात्र शेंगांत दाणे भरताना पाणी नसेल तर शेंगा चपट्या राहतात. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि मराठवाड्यातलं सोयाबीन तेव्हा नेमकं फुलोऱ्यात-शेंगांत होतं. आणखी एक, खोड उभं चिरून बघायला सांगा. आत लालसर नागमोडी रेघ दिसली तर खोडमाशी, म्हणजे खोड आतून पोखरणारी कीड. वरून झाड ठणठणीत वाटतं म्हणून ती हमखास नजरेतून सुटते.

विहिरीला थोडंच पाणी असेल आणि मका केसांवर असेल, तर मी ते आधी मक्याला देईन, एक आड एक सरीने. सोयाबीनवर तोवर 13:00:45 या विद्राव्य खताची (पोटॅशियम नायट्रेट) फवारणी, 10 लिटरला 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. सोयाबीन दाणे भरण्यावर आलं असेल तर मात्र पाणी दोघांत वाटावं लागेल. किती सऱ्या कुणाला, ते भावाला ठरवू द्या, जमीन हलकी कुठे आणि भारी कुठे हे त्यालाच ठाऊक आहे.