टेपवर 'सहावी' लिहिलंय म्हणून सहावी नव्हे

प्रश्न : बेल लॅब्जच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संदर्भात 'व्ही6' आणि 'सिक्स्थ एडिशन' (सहावी आवृत्ती) यांत फरक काय?

काही नाही. आकडा मॅन्युअलच्या आवृत्तीचा आहे. सिस्टिम मॅन्युअलच्या एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंतच्या काळातही बदलतच होती.

प्रश्न : लिनक्स युनिक्सचाच वंशज ना?

वळण तेच, कोड नाही. 1991 मध्ये तो नव्याने लिहिला गेला.

प्रश्न : डिस्क-प्रतीवर 'व्ही6, 1975' असं लेबल आहे, फाइलींच्या तारखाही त्याच वर्षाच्या. शंका कशाला घ्यायची?

दर आठवड्याला हाच प्रश्न येतो! लेबल कुणीही चिकटवतं आणि फाइल कॉपी केली की तारीख बदलते. त्यात सुरुवातीच्या आवृत्त्या वेळ 1/60 सेकंदात मोजत. तो आकडा ठेवायला असलेले 32 बिट साधारण 829 दिवसांत भरत, म्हणून मोजणीचं आरंभवर्षच पुढे सरकवावं लागे. अशा फाइलीची तारीख आजच्या साधनाने वाचली तर भलतीच येते.

आत बघा. एक्झिक्युटेबलचा (चालवता येणाऱ्या प्रोग्रॅम-फाइलीचा) पहिला 16-बिट शब्द ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) 0407 असेल, तर ती नुसती खूण नव्हे, पीडीपी-11ची (युनिक्स ज्यावर चाले त्या संगणकाची) उडी मारण्याची आज्ञा आहे : 16 बाइटचं हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची माहिती, ओलांडून थेट कोडवर. पहिल्या आवृत्तीत 0405, हेडर 12 बाइटचं. फाइल बाइटनुसार छापून पाहिली तर मात्र 0407 हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) 07 आधी, 01 नंतर असं दिसतं. तिथेच लोक फसतात. पण 0407 सहावीत आहे आणि सातवीतही. त्या दोघींत फरक करायचा तर आयनोड (डिस्कवरची प्रत्येक फाइलीची नोंद) किती मोठा ते मोजा : सहावीचा 32 बाइट, सातवीचा (1979) 64. शेलमध्ये (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डिरेक्टरी बदलायला 'chdir' की 'cd', सी भाषेतल्या कोडमध्ये '=+' की '+=', हेही पाहा : पहिलं रूप सहावीचं, दुसरं सातवीचं. सातवीचा कंपायलर जुनं '=+'सुद्धा चालवून घेतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. विद्यापीठांत सहावीवर ठिगळं लावलेली असत. दोन्हींचा संकर निघण्याची शक्यता मोठी. मूळ प्रतीचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) काढून ठेवा, काम दुसऱ्या प्रतीवर करा आणि जाहीर करण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : 1बीएसडी, म्हणजे बर्कली विद्यापीठाचं पहिलं वितरण, हे पूर्ण युनिक्स का?

नाही. 1978चं ते सहावीवर चढवायचं सामान : पास्कल भाषा आणि 'ex' हा एडिटर. वॅक्स संगणकावरची 3बीएसडी आली 32व्ही वरून, म्हणजे बेल लॅब्जच्या वॅक्ससाठीच्या युनिक्सवरून.

प्रश्न : 'ओरिजिनल बेल लॅब्ज टेप' विकत मिळतेय. घेऊन लगेच वाचू?

'ओरिजिनल' हा विक्रेत्याचा शब्द. आधी ती टेप कुठून कुणाकडे गेली ते विचारा. घेतलीच तर घरच्या ड्राइव्हवर फिरवू नका : टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा बाइंडर चिकट झाला असेल तर पहिल्याच फेरीत तो थर (ऑक्साइड) सुटून ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडवर उतरतो. चुंबकीय टेप वाचणाऱ्याकडे न्या, तेही वर्षभर कपाटात न ठेवता. आतलं नेटवर टाकायचं असेल, तर युनिक्सचे हक्क तेव्हा ज्या कंपनीकडे होते त्या कॅल्डेराचा 2002चा परवाना पहिली ते सातवी आणि 32व्ही यांपुरताच आहे. सिस्टिम थ्री (त्यानंतरचं युनिक्स) निघाली, तर आधी वकील.